शून्याच्या खालचा आवाज

होळी होऊन गेली. कूलरच्या जाळ्यांत नवा वाळा भरला. पहिले पाणी त्यावरून उतरले आणि तो ओला, मातकट वास घरभर झाला. लोकांना हा वास गारव्याचा वाटतो. मला तो घाईचा वाटतो. एखादी तारीख ठरलेली आहे, तिच्या आत काहीतरी पुरे करायचे आहे आणि ते होत नाही, असे काहीतरी छातीत येऊन बसते. वाळा सुकला की ते जाते. भिजला की पुन्हा येते.

यंदा त्याला कारणही झाले. बाहेरच्या खोलीतला लहान बोर्ड बंद पडला. तळहाताएवढा संगणक, त्याला जोडलेला एक पडदा आणि एक छोटा स्पीकर. पडद्यावर चौसष्ट चौकोन, प्रत्येक चौकोनात एक शब्द किंवा एखादे वाक्य. माझी पत्नी कमल चौकोनावर बोट ठेवते आणि तो शब्द तिच्या आवाजात बोलला जातो. सात वर्षे ती अशीच बोलते. बोर्ड बंद पडला त्या दिवसापासून नवा येईपर्यंत या घरात बोलणे झाले नाही. मी बोलत होतो. पण एकट्याने बोलण्याला बोलणे म्हणत नाहीत.

नवा बोर्ड आला. त्याच्यासाठी जुना प्रोग्रॅम पुन्हा तयार करायचा होता. मी कपाटातून लाल बांधणीची लांब वही काढली. तिच्याबरोबर सात वर्षांपूर्वीचा तो उन्हाळाही बाहेर आला.

वहीविषयी आधी सांगितले पाहिजे.

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत, वजनकाटे बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात मी एकतीस वर्षे काढली. आमचा एक काटा बोलत असे. कापसाचे गाठोडे ठेवले की तो वजन मोठ्याने सांगे. ज्याला आकडे वाचता येत नाहीत त्याला निदान ऐकू यावेत, हा हेतू. त्या काट्याचा प्रोग्रॅम मी लिहिला. यंत्राची मेमरी अगदी थोडी. तिच्यात सगळे आकडे बोलून मावले पाहिजेत. म्हणून आवाजाचा एकेक कण मी एका अक्षराच्या जागेत बसवला. त्या वेळी काटकसर ही गरज होती. पुढे ती सवय झाली आणि सवयीचा नियम झाला. जुनी प्रत ठेवायची नाही. नवी आली की तिच्याच जागेवर लिहायची. दोन प्रती ठेवणारा माणूस उद्या चुकीची प्रत उचलतो, असे मी सगळ्यांना सांगत असे. माझ्या हाताखाली कोणी दोन प्रती ठेवल्या नाहीत.

दुसरा नियम या वहीचा. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला समजेल अशा रूपात उतरवण्याचे काम कंपायलर करतो. एकच प्रोग्रॅम ऑफिसातल्या पीसीसाठी वेगळा उतरवावा लागतो, काट्यातल्या बोर्डासाठी वेगळा. कोणत्या यंत्रासाठी उतरवायचे, कशात काटकसर करायची, काय गृहीत धरायचे, हे त्याला ज्या लहान लहान सूचनांनी सांगतात त्यांना फ्लॅग म्हणतात. वजाची खूण आणि पुढे काही अक्षरे, एवढेच त्यांचे रूप. वहीत चार रकाने होते: तारीख, फ्लॅग, कारण, नाव. कारण आणि नाव लिहिल्याशिवाय कोणी फ्लॅग बदलायचा नाही.

कंपायलर काम करता करता कुरकुरतो. इथे तुमचा हिशेब संशयास्पद आहे, ही तुलना कधीच खरी ठरणार नाही, असे काही तो बजावतो आणि तरीही काम पुरे करतो. त्या कुरकुरीला वॉर्निंग म्हणतात. ती गप्प करण्याचाही फ्लॅग आहे. आमच्याकडे तो वापरायचा तर एक रीत होती. प्रत्येक वॉर्निंग उभे राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायची. मग वहीत सही करायची. पोरे तिला सरांची आरती म्हणत. मला ठाऊक होते. मी ते कधी ऐकले असे दाखवले नाही. शबाना नावाची एक मुलगी नवी लागली होती. तिने एका दुपारी अशा चाळीस वॉर्निंगा वाचल्या आणि शेवटी म्हणाली, "सर, यापेक्षा दुरुस्त करणं सोपं आहे." रीत त्यासाठीच होती.

आता कमलविषयी.

तिचे माहेर जालन्याच्या वाटेवर, मेंढरे राखणारे घर. मुकुंदवाडी स्टेशनावर पॅसेंजर धरली की दुपारच्या आत गाव येते. लहानपणी ती मेंढरांमागे हिंडली आहे. ते हिंडणे तिच्या आवाजात राहिले. मोकळ्या रानातला आवाज. दोन गल्ल्या पलीकडे पोचे. मला तो मोठा वाटे. आम्हाला मूल नाही. घरात ती बोले आणि मी ऐकत असे, किंवा ऐकत नसे. तिचे सांगणे गावापासून सुरू होई, वाटेत चार सोयरे भेटत, मग मुद्दा येई. थोडक्यात सांग, असे मी म्हणत असे. किती वेळा म्हणालो ते मोजलेले नाही.

दिवाळीत ती म्हणाली, घसा खरवडल्यासारखा होतोय. मी म्हणालो, धूळ आहे. संक्रांतीला पुन्हा म्हणाली. मी म्हणालो, गरम पाणी पीत जा. शिवरात्रीच्या आसपास तिसऱ्यांदा म्हणाली, आणि त्या वेळी तिचा आवाज दुसऱ्या गल्लीपर्यंतही पोचत नव्हता. तेव्हा आम्ही दवाखान्यात गेलो.

तपासण्या झाल्या. स्वरयंत्र काढावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. जीव वाचेल. आवाज राहणार नाही. वैशाखातली तारीख दिली. शस्त्रक्रियेपर्यंतच्या उपचारांत आवाज दिवसेंदिवस बसत जाईल, हेही सांगितले. गळ्याला टेकवून बोलायचे एक यंत्र त्यांनी दाखवले, एका रुग्णाला त्यावर बोलायला लावले. कमलने ते लक्षपूर्वक ऐकले. बाहेर आल्यावर म्हणाली, "ह्यो गिरणीचा पट्टा बोलतोय. मला नको."

मग लिहून सांग, असे मी म्हणालो. ती चौथी शिकली आहे. लिहिते, पण एकेक अक्षर गिरवत.

"लिवून भांडता येतं व्हय?" ती म्हणाली.

घरी आल्यावर मला बोलणारा काटा आठवला.

योजना सरळ होती. आवाज आहे तोवर तिचे शब्द ध्वनिमुद्रित करायचे. काट्याचा प्रोग्रॅम तयारच होता. तो पीसीवर चालवून पाहायचा, मग लहान बोर्डासाठी उतरवायचा. पडद्यावर आठ गुणिले आठ चौकोन. चाळीस शब्दांची यादी मी केली: पाणी. औषध. पंखा. दुखते. नको. हो. दार. उकडते. अशी.

तिने यादी वाचली. "हे माणसाचं बोलणं हाय का दवाखान्याचं? ह्यातला एक शब्द तरी मी कधी एकटा बोलले का?"

उरलेले चोवीस चौकोन मी तिला दिले. तिने चार दिवस विचार केला. त्यातले काही मला आजही पाठ आहेत. "लई शहाणे." "तुम्हाला नाय कळायचं." "बसा जरा, पळून नाय चाललं काही." "चहा झाला का म्हणून इचारू नका, करून द्या." आणि शेवटचा, चौसष्टावा, शब्दच नव्हता. मेंढरे वळवताना तिच्या माहेरी जी साद घालतात ती. जिभेची थरथर आणि तिच्यावरून वर चढत जाणारा सूर. मी विचारले, याचा उपयोग काय?

"तुम्हाला हाकायला," ती म्हणाली.

पहिले ध्वनिमुद्रण फाल्गुनात झाले. आमचे घर मुकुंदवाडीत. चिकलठाण्याच्या धावपट्टीवर उतरणारे विमान गच्चीवरून जाते. स्टेशनातून गाडी भोंगा देते. दोन आवाजांच्या मधली शांतता धरायची. कमल माइकसमोर बसे, मी हात वर करी, ती बोले. दोन दुपारींत काम झाले. आवाज थोडा जड होता, पण तिचाच होता. साद घातली तेव्हा शेजारचे कुत्रे उठून उभे राहिले. पीसीवर मी चौसष्टही ऐकले. स्वच्छ होते.

मग प्रोग्रॅम बोर्डासाठी उतरवायला घेतला. वीस वर्षांपूर्वीचा मजकूर, नवा कंपायलर, वेगळ्या जातीचे यंत्र. पडदा वॉर्निंगांनी भरला. वर सरकवू लागलो तर संपेनात. दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात न्यायचे होते, त्या दिवशी नळाला पाणी यायचे होते, आणि पाणी आमच्याकडे रोज येत नाही. मी सगळ्या वॉर्निंगा बंद करणारा फ्लॅग लिहिला. वजाची खूण आणि एकच अक्षर. आजच्यापुरता, असे मनात म्हटले. उभे राहून वाचायला समोर कोणी नव्हते. वहीत नोंद केली नाही.

प्रोग्रॅम तयार झाला. बोर्डावर चढवला. कमलला बोलावले. तिने पदर सारखा केला आणि पहिला चौकोन दाबला. पाणी.

पत्र्यावर खडी ओतावी तसा आवाज आला. त्या खडीखाली कुठेतरी पाणी हा शब्द होता. शब्द ओळखू येत होता; माणूस ओळखू येत नव्हता.

तिने हात मागे घेतला. "ही मी व्हय?"

मी तर्क केला. तर्क करण्यात माझे आयुष्य गेले आहे. सुरू होताना बोर्ड जी शिट्टी देतो ती स्वच्छ वाजत होती; म्हणजे बोर्ड ठीक, स्पीकर ठीक. प्रोग्रॅम तोच, अक्षरालाही धक्का न लावलेला, पीसीवर नीट चालणारा; म्हणजे प्रोग्रॅम ठीक. उरले ध्वनिमुद्रण. पीसीचा मोठा स्पीकर त्यातला दोष गिळत असेल, बोर्डाचा लहान स्पीकर तो उघडा पाडत असेल. पंख्याची घरघर आली असेल. रस्ता आला असेल. प्रत्येक पायरी बरोबर वाटत होती. वीस वर्षे चाललेला प्रोग्रॅम चुकणार नाही ही पहिली पायरी मी तपासलीच नाही. ती पायरी आहे हेच मला दिसले नाही.

गुलमंडीच्या बाजारातून जाड कापड आणले. दुकानदाराने पडद्याला हवे का विचारले. मी हो म्हणालो. खिडक्यांवर ते दुहेरी टांगले. पंखा बंद. कूलर बंद. चैत्रातल्या दुपारी त्या खोलीत आम्ही दोघे आणि एक माइक. कमलच्या कपाळावरून घाम ओघळे आणि तो पुसला तर पदराचा आवाज होईल म्हणून ती पुसत नसे. चौसष्ट वेळा बोलली. आवाज फाल्गुनापेक्षा खाली गेला होता. नव्या फाइली मी जुन्यांच्या जागेवर लिहिल्या. नियमाप्रमाणे.

बोर्डावर पुन्हा तीच खडी.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. तुकडे आठवतात. भर उन्हात जालना रस्त्यावर उभा आहे, हातात नव्या माइकचा खोका, रिक्षा थांबत नाही आणि मला कुठे जायचे ते क्षणभर आठवत नाही. कडुलिंबाचा मोहर अंगणात पडला आहे आणि कोणी झाडलेला नाही. भिंतीवरची दिनदर्शिका, तिच्यावर तारखेभोवती गोल नाही, पण नजर तिथेच जाते. कमल स्वयंपाकघरात भांडी लावते आहे आणि मी त्या आवाजावर ओरडतो, कारण मी खडी ऐकतो आहे, पुन्हा पुन्हा तीच खडी. नळाला पाणी आले आहे, ती हंडे भरते आहे, आणि मी दारात उभा राहून सांगतो आहे की पाणी नंतर भर, आधी बोल. पाणी नंतर येत नाही हे मला ठाऊक होते. आवाजही नंतर येणार नव्हता.

फ्लॅग मी रोज बदलत होतो. वेग वाढवणारे काढले, काटकसरीचे काढले, अपूर्णांकांचे हिशेब कसे करावेत ते सांगणारे घातले, काढले, पुन्हा घातले. प्रत्येक वेळी प्रोग्रॅम मुकाट्याने तयार होई. एकही तक्रार नाही. मला त्याचे समाधान वाटे.

तिसऱ्या खेपेला तिचा आवाज फाटला होता. 'औषध'मधला शेवटचा 'ध' निघेना. मी पुन्हा म्हणायला लावले. पुन्हा. अकराव्या वेळी मी म्हणालो, "तू नीट बोलत नाहीस. दोष तुझ्या बोलण्यात आहे."

ती बाराव्यांदा औषध म्हणाली. मग पुढचे शब्द, एकामागून एक, न थांबता. चौसष्टाव्या चौकोनाला तिने मान वर केली, जीभ टाळूला लावली आणि साद घातली. नुसती हवा आली. तिने दुसऱ्यांदा प्रयत्न केला नाही. मी ती हवा जतन केली आणि आधीची साद पुसली गेली.

या खेपेलाही बोर्डावर खडीच होती.

शस्त्रक्रियेला दोन दिवस उरले तेव्हा शबाना आली. ती आता मोठ्या कंपनीत होती. कमलच्या आजाराचे तिला कोणाकडून तरी कळले होते. ती काकूंना भेटायला आली होती, माझ्याकडे नव्हे. तिने बोर्ड पाहिला, एक चौकोन दाबला, ऐकला. मग माझी परवानगी न विचारता पीसीसमोर बसली आणि फ्लॅगांची ओळ उघडली. बराच वेळ ती एकाच ठिकाणी पाहत राहिली.

"सर," ती म्हणाली, "हे तुम्ही टाकलं?"

मी हो म्हणालो.

"वहीत आहे?"

मी नाही म्हणालो.

तिने तो फ्लॅग काढला आणि प्रोग्रॅम पुन्हा उतरवला. पडदा भरला. तिने खुर्ची मागे सारली आणि ती उभी राहिली. मला वाटले पाणी प्यायला जाते आहे. ती वाचू लागली. पहिली वॉर्निंग, दुसरी, तिसरी, फाइलीच्या नावासह, ओळीच्या क्रमांकासह, कारखान्यात वाचायची तशी. आवाजात टोमणा नव्हता. कमल पलंगावरून ऐकत होती. काही वॉर्निंगांनंतर एक अशी आली: ही संख्या शून्यापेक्षा लहान आहे का, असे तुम्ही इथे विचारता, या यंत्रावर ते कधीच खरे ठरणार नाही.

शबाना थांबली. मी खाली बसलो.

आवाज म्हणजे हवेचे मागेपुढे हलणे. आकड्यांत मांडले तर शून्याच्या वर आणि शून्याच्या खाली. एका अक्षराच्या जागेत मी तो बसवला, तेव्हा त्या जागेत ऋण संख्या राहू शकते असे धरून चाललो. पीसीवर ते खरे होते. बोर्डाच्या यंत्रात तीच जागा फक्त शून्य आणि त्याच्या वरच्या संख्या ओळखते. शून्याच्या खालचे जे जे होते ते त्याने उचलून सगळ्यांत वर नेऊन ठेवले. तिच्या प्रत्येक शब्दाचा अर्धा भाग असा जागचा हलला होता. पहिल्या दिवसापासून. एका फ्लॅगने ते सुटते. अक्षराच्या जागेला अधिक-वजाचे चिन्ह आहे असे मान, एवढे कंपायलरला सांगायचे. शबानाने तो लिहिला. फार तर मिनिट लागले असेल.

कमलने पहिला चौकोन दाबला. पाणी, असा आवाज आला. खडी नव्हती. फाटलेला, थकलेला, पण माणसाचा आवाज. तिसऱ्या खेपेचा.

शबानाने विचारले, "सर, आधीच्या फाइली?"

तिला नियम माहीत होता. तिने तरीही पुसलेले शोधणारा एक प्रोग्रॅम चालवून पाहिला. एकाच जागेवर तीनदा लिहिलेले परत येत नाही. आमच्या घरात आवाज साठवायची रीत नव्हती. एका लग्नाच्या चित्रफितीत कमल बोलताना दिसते, पण आवाज सनईच्या खाली बुडालेला.

तेव्हा तिचा आवाज कुजबुजीएवढा राहिला होता. ती पलंगावरून उठली, माझ्याजवळ आली, आणि बोलायला श्वास गोळा केला.

"म्हंजी खोट माझ्यात नव्हती," ती म्हणाली.

"नव्हती," मी म्हणालो.

हे आमचे शेवटचे बोलणे असे मी म्हणणार नाही. त्यानंतर दोन दिवस होते, आणि चहा, पिशवी, दवाखान्याचे कागद, असे काही ती कुजबुजत राहिली. पण मला त्यातले काही आठवत नाही. हे आठवते.

सात वर्षे ती त्या तिसऱ्या आवाजात बोलली. लई शहाणे. बसा जरा. चौसष्टावा चौकोन ती अधूनमधून दाबते. नुसती हवा येते. मी उठतो आणि जे काम राहिले असेल ते करतो.

यंदा नवा बोर्ड. वहीत तारीख घातली. फ्लॅग एकेक लिहिले, कारण लिहिले, नाव लिहिले. अक्षराला चिन्ह मान, हा सगळ्यांत वर. वॉर्निंगा सगळ्या चालू ठेवल्या. आल्या तेवढ्या उभे राहून वाचल्या. समोर दुसरे कोणी नव्हते म्हणून कमलला वाचून दाखवल्या. तिने प्रत्येकीला मान डोलावली, पोथी ऐकावी तशी.

शब्दांची यादी मात्र पुन्हा टंकायचा मला कंटाळा आला. डोळे पूर्वीसारखे नाहीत. फोल्डरमध्ये आहेत तेवढ्या सगळ्या फाइली दाखव, असे मी प्रोग्रॅमला सांगितले आणि बोर्ड तिच्यासमोर ठेवला. तिने चौकोन पाहिले. मग मला बोटाने बोलावले. चौकोन पासष्ट होते. पहिल्या ओळीत सुरुवातीला एक चौकोन होता, त्याच्यावर नाव नव्हते. शून्य क्रमांकाची फाइल. यादी एकपासून सुरू होई, म्हणून ती कधी दिसली नव्हती. आणि यादीत नव्हती, म्हणून तिच्यावर कधी दुसरे काही लिहिले गेले नव्हते.

कमलने तो चौकोन दाबला.

"चालू झालं व्हय? बोलू का मी?"

फाल्गुनातला आवाज. थोडा जड, पण रानातला. एके काळी दोन गल्ल्या पलीकडे जाणारा. ध्वनिमुद्रण सुरू करताना माइक लागतो का पाहण्यासाठी मी घेतलेली चाचणी. तिच्या प्रश्नानंतर थोडी शांतता होती, खुर्ची सरकल्याचा आवाज होता आणि मग एका पुरुषाचा कोरडा आवाज म्हणाला, "थांब."

तेवढीच फाइल.

तिने पुन्हा दाबली. बोलू का मी. थांब. तिसऱ्यांदा दाबली. तिचा चेहरा मला वाचता आला नाही. मी कूलर बंद केला, कारण त्याच्या घरघरीत शेवटचे अक्षर बुडत होते. मग ती ऐकत राहिली आणि मीही ऐकत राहिलो. आता पाहिजे तेव्हा हे ऐकता येते, आणि याच्यापुढे काहीच नाही. या आवाजात पाणी नाही, औषध नाही, साद नाही. फक्त बोलू का, एवढे आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्या फाइलीची एक प्रत केली आणि प्रतीतून माझा शब्द कापून टाकला. मूळ फाइल पुसली नाही. तिच्या शेजारीच ठेवली आहे. वहीत तशी नोंद केली: दोन प्रती ठेवल्या. कारणाचा रकाना कोरा सोडला. नाव लिहिले.

आता त्या चौकोनावर ही कापलेली प्रत आहे; तो दाबला की तिचा प्रश्न येतो आणि पुढे शांतता असते. ती दिवसातून दोन-तीनदा तो दाबते, बहुतेक दुपारी. मी हातातले काम खाली ठेवतो. कूलर बंद करतो. तिच्यासमोर बसतो आणि म्हणतो, बोल.

ती पडद्यावरचे चौकोन एकेक करून पाहत जाते. सगळे पाहून होतात. मग एकही न दाबता बोट काढून घेते.

खोली तापू लागते. मी लगेच उठत नाही.